एअर अ‍ॅम्ब्युलन्सवर नर्स म्हणून जायचंय, शिक्षण काय लागतं आणि वर टीमचं काम कसं चालतं?

सोलापूरची_सिस्टर:

नमस्कार. मी बीएस्सी नर्सिंग, सोलापुरात एका खाजगी हॉस्पिटलच्या आयसीयूत बरीच वर्षं झाली, व्हेंटिलेटर, इनोट्रोप (हृदय-बीपी सांभाळणारी औषधं), डायलिसिसचे पेशंट हे रोजचंच. बीएलएस, एसीएलएस (हृदय बंद पडल्यावर जीव वाचवायचे कोर्स) झालंय. एका एअर अ‍ॅम्ब्युलन्स एजन्सीनं ऑन-कॉल येता का म्हणून विचारलंय. मला हे काम मनापासून करायचंय, कारण आमच्याकडून मुंबईला नाहीतर हैदराबादला हलवलेले पेशंट आम्हीच सगळ्या लाइन्स बांधून, चिकटवून गाडीत देतो आणि दार लागलं की पुढच्या चार-सहा तासांत त्यांचं काय होतं ते आम्हाला कधी कळतच नाही.

पण एजन्सीचा माणूस म्हणतो अर्धा दिवस ओरिएंटेशन आणि मग थेट ट्रिप, "सिस्टर, मशीन सगळी तुमच्या आयसीयूतलीच आहेत". डॉक्टर कोण असणार विचारलं तर त्या दिवशी जो मिळेल तो. हे ऐकून मी जरा थांबले, अजून हो म्हटलेलं नाही.

नर्सला यासाठी वेगळा कोर्स किंवा रजिस्ट्रेशन लागतं का? बाहेरच्या देशात काय पद्धत आहे? आणि मुख्य म्हणजे वर गेल्यावर कोणाचं ऐकायचं, डॉक्टरचं की पायलटचं, आणि आपल्याला काही चुकतंय असं दिसलं तर बोलायचं कसं? आयसीयूत निदान कन्सल्टंटला फोन लावता येतो, तिथे मी आणि एक अनोळखी डॉक्टर एवढेच.

नागपूरचा_भूलतज्ज्ञ:

सिस्टर, थांबलात ते फार बरं केलंत. मी अ‍ॅनेस्थेशियाचा, नागपूरहून मुंबई-दिल्ली-चेन्नई ट्रान्सफरला जात असतो.

आधी कागदाचं सांगतो. आपल्याकडे नर्सिंग कौन्सिलमध्ये फ्लाइट नर्स असं वेगळं रजिस्ट्रेशन नाहीये, त्यामुळे कोणाला घ्यायचं हे बरंचसं त्या त्या ऑपरेटरवर अवलंबून असतं आणि खरा घोळ तिथेच होतो. नीट काम करणारे लोक जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) किंवा बीएस्सीवर आयसीयू नाहीतर कॅज्युअल्टीतली काही वर्षं बघतात, बीएलएस-एसीएलएस बघतात, लहान मुलं नेत असतील तर पाल्स आणि एनआरपी (मुलांसाठीचे आणि नवजात बाळांसाठीचे तसेच कोर्स), जोडीला ट्रॉमाचा एखादा कोर्स. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा क्रिटिकल केअरमधला दोन वर्षांचा नर्स प्रॅक्टिशनर कोर्स आहे, तो केला तर उत्तमच. डॉक्टर अ‍ॅनेस्थेशिया, इमर्जन्सी मेडिसिन किंवा क्रिटिकल केअरचा हवा, ज्याला अवघड एअरवेमध्ये (श्वासमार्गात) एकट्यानं ट्यूब टाकता येते असा. बंगळुरूला हवाई दलाची इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिन आहे, तिथे या विषयात एमडी होतं, पण तशी माणसं देशातच मोजकी.

आता "मशीन तीच आहेत" याबद्दल. मशीन तीच असतील हो, पण वर हवा पातळ असते. केबिनमध्ये प्रेशर भरलेलं असलं तरी ते जमिनीइतकं नसतं, विमान उंचावर गेलं की आत साधारण सहा ते आठ हजार फुटांवर असल्यासारखं असतं. एवढ्या उंचीवर शरीरात कुठेही कोंडलेली हवा जवळपास एक तृतीयांशानं फुगते, महाबळेश्वरला चढताना वेफर्सचं पाकीट टम्म होतं तसं. खाली एक्सरेत दिसेल न दिसेल असा न्यूमोथोरॅक्स (फुफ्फुसाबाहेर छातीत साठलेली हवा) वर जीव घेऊ शकतो, म्हणून आयसीडी (ती हवा काढणारी छातीतली नळी) टाकल्याशिवाय निघायचं नाही. ईटी ट्यूबचा कफ (श्वासनलिकेत घातलेल्या नळीभोवतीचा हवेचा फुगा) फुगतो आणि श्वासनलिका दाबतो, उतरताना तोच सैल पडून लीक सुरू होतो, म्हणजे चढताना एकदा आणि उतरताना एकदा कफचं प्रेशर मोजायलाच हवं, २० ते ३० सेंटिमीटर पाण्याच्या मधे. रायल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) उघडी ठेवायची. रेटिनाच्या ऑपरेशनमध्ये डोळ्यात गॅस भरलेला पेशंट असेल तर तो गॅस जिरेपर्यंत न्यायचाच नाही. आणि ऑक्सिजनचं बघा, धडधाकट माणसाचंही सॅच्युरेशन तिथे नव्वदच्या आसपास येतं, मग जो पेशंट खाली ७० टक्के ऑक्सिजनवर (एफआयओटू) कसाबसा ९० धरून आहे त्याला वर द्यायला तुमच्याकडे फार काही शिल्लक नसतं. हे गणित निघायच्या आधीच मांडायचं.

शिवाय स्टेथोस्कोप तिथे निरुपयोगी, इंजिनच्या आवाजात छाती ऐकूच येत नाही. त्यामुळे ट्यूब जागेवर आहे का हे कॅप्नोग्राफच्या (श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड दाखवणाऱ्या मशीनच्या) रेषेवरूनच कळतं. ज्या किटमध्ये हे मोजमाप, म्हणजे ईटीसीओटू, नाही त्या किटवर व्हेंटिलेटरचा पेशंट मी घेत नाही, एजन्सी काय वाटेल ते म्हणो.

टीमबद्दल. खरं काम विमानात कमी, पाठवणाऱ्या हॉस्पिटलच्या बेडशेजारी जास्त होतं. आम्ही पोचल्यावर पेशंटला आमच्या ट्रान्सपोर्ट व्हेंटिलेटरवर घेतो आणि थांबतो, अर्धा तास तरी, मग एबीजी (रक्तातल्या ऑक्सिजन-कार्बन डायऑक्साइडची तपासणी), मग उचलायचं. नातेवाईक चिडतात, तिकडून एजन्सीचा फोन येतो, तरी थांबायचं. ऑक्सिजन बेड-टू-बेड मोजायचा, फक्त उड्डाणाचा नाही. मिनिटाला १० लिटर धरले तर विमानातल्या दोन तासांचेच १२०० लिटर होतात, त्यात दोन्हीकडचा रस्ता मिळवा आणि जे येईल त्याची दुप्पट घ्या. बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण १५०० लिटर असतात, म्हणजे एकावर भागवतो म्हणणाऱ्याचं ऐकू नका. हा हिशोब मी करतो आणि सिस्टर वेगळा करते, दोन्ही आकडे जुळले तरच निघतो.

सगळ्यात नाजूक जागा म्हणजे विमानाचं दार. किंग एअर या छोट्या विमानाचं दार अरुंद आहे, स्ट्रेचर रॅम्पवरून चढवून आत वळवावा लागतो आणि ट्यूब निघायची ती तिथेच निघते. त्या वेळी मी डोक्याशी, ट्यूब आणि जबडा एका हातात धरून. सिस्टर पंपांच्या लाइन्स छातीवर गोळा करून. एक-दोन-तीन फक्त डोक्याशी असलेला माणूस म्हणणार, लोडरनं कितीही "चला चला" केलं तरी कोणी हलायचं नाही. हलवून झालं की परत कॅप्नोग्राफ बघायचा आणि सिस्टरनं मोठ्यानं सांगायचं की रेषा आहे.

आणि बोलायचं कसं विचारलंत, तर ते आधीच ठरवून घ्यायचं. मी गाडीत बसायच्या आधी सांगतो की सॅच्युरेशन ९० च्या खाली किंवा मीन (सरासरी) बीपी ६० च्या खाली गेलं तर माझ्या तोंडाकडे बघत बसायचं नाही, आकडा मोठ्यानं सांगायचा. मी औषध सांगितलं की सिस्टरनं नाव आणि डोस परत म्हणायचा, मी हो म्हटलं की द्यायचा, दिला की "दिला" म्हणायचं. हेडसेटवर अर्धं ऐकू येत नाही तिथे हे नसलं तर नॉरअ‍ॅड आणि अ‍ॅड्रिनलिनची अदलाबदल व्हायला वेळ लागत नाही.

जुहूचा_कॅप्टन_निवृत्त:

डॉक्टरसाहेबांनी मागच्या केबिनचं सांगितलं, मी पुढचं सांगतो. कोणाचं ऐकायचं याचं उत्तर सरळ आहे, पेशंटबद्दल डॉक्टर, विमानाबद्दल कॅप्टन, आणि जायचं की नाही हे सगळ्यांनी मिळून. अमेरिकेतल्या हेलिकॉप्टर अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यांत नियमच आहे की जायला सगळ्यांचा होकार लागतो आणि थांबायला एकाचा नकार पुरतो, मग तो नकार नर्सचा का असेना, आणि त्यावर तिला कोणी जाब विचारायचा नाही.

याच्याच बरोबरीची दुसरी पद्धत म्हणजे हवामान बघून हो-नाही ठरेपर्यंत पायलटला पेशंटची अवस्था सांगायचीच नाही. लोकांना हे निर्दयी वाटतं. पण समोर सहा वर्षांचं पोर आहे असं कळलं की माणूस ढग बघून सुद्धा "जाऊन तर बघू" म्हणतो. २५ मे २०११ ला पाटण्याहून दिल्लीला येणारी पीसी-१२ एअर अ‍ॅम्ब्युलन्स रात्री खराब हवामानात फरिदाबादच्या वस्तीवर पडली, विमानातले सातही गेले आणि खाली घरातले तीन. त्या दिवशी कॉकपिटमध्ये कोणावर काय दडपण होतं हे मी सांगू शकत नाही, पण आमच्या पिढीतल्या प्रत्येक चार्टर पायलटनं त्यानंतर नाही म्हणायचं जास्त मनावर घेतलं.

हे सगळं आलं एअरलाइन्समधून. १९७८ च्या डिसेंबरात अमेरिकेत पोर्टलंडला युनायटेडचं डीसी-८ चाकांच्या बिघाडात गुंतून राहिलं आणि इंधन संपून पडलं, इंधन कमी होतंय हे फ्लाइट इंजिनियरला दिसत होतं, पण ते कॅप्टनच्या डोक्यात शिरेल इतक्या जोरात बोललं गेलं नाही. पुढच्या वर्षी नासानं त्यावर वर्कशॉप घेतलं आणि तिथून क्रू रिसोर्स मॅनेजमेंट (सीआरएम) सुरू झालं, म्हणजे ज्युनियरनं कसं बोलायचं आणि सिनियरनं कसं ऐकून घ्यायचं याचं रीतसर ट्रेनिंग. एअर अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यांनी तेच डॉक्टर-नर्सपर्यंत आणलं. तुमच्या एजन्सीला विचारा, सीआरएम पायलटबरोबर एकत्र होतं का. पायलटचं वेगळं आणि मेडिकलचं वेगळं करून त्याचा उपयोग नाही.

एक प्रत्यक्ष उदाहरण. छातीत हवा किंवा डोक्याला मार असलेला पेशंट असला की डॉक्टर म्हणतात आम्हाला समुद्रसपाटीची केबिन द्या, म्हणजे आतलं प्रेशर जमिनीइतकंच ठेवा. देता येते, किंग एअर बी२०० ला साधारण १५ हजार फुटांपर्यंत, सी९० ला त्याहून बरंच खाली. पण खाली उडालं की इंधन जास्त जळतं, वादळी ढगांच्या वरून जाता येत नाही, हादरे जास्त बसतात, कधी मधे उतरून इंधन भरावं लागतं. ही मागणी आदल्या फोनवर आली तर सगळं बसवता येतं. इंजिन सुरू झाल्यावर मागून कोणी सांगितलं तर मला विमान बंद करून परत हिशोब करावा लागतो. तसंच शॉक द्यायच्या आधी पुढे सांगायचं, आणि टेकऑफ-लँडिंगच्या वेळी अगदी जिवावर बेतल्याशिवाय हेडसेटवर आमच्याशी बोलायचं नाही.

६ मे २०२१ ला नागपूरहून निघालेल्या सी९० चं टेकऑफला चाकच निखळलं होतं, आठवत असेल बऱ्याच जणांना. मुंबईला रनवेवर फोम पसरून पोटावर उतरवलं आणि पेशंटसकट पाचही जण सुखरूप. अशा वेळी मागच्यांचं काम काय असतं तर सिलिंडर, मॉनिटर, पंप सगळं पट्ट्यांनी घट्ट, पेशंटचे खांद्याचे पट्टे आवळलेले, स्वतः बसून बेल्ट. उभं राहून पेशंटला धरून ठेवणारी नर्स त्या धक्क्याला स्वतःच फेकली जाते. हे अर्ध्या दिवसात कोणी शिकवत असेल असं वाटत नाही.

१०८_वरचा_डॉक्टर:

मी बीएएमएस, १०८ वर असतो. एकच मुद्दा. विमानतळापर्यंत आणणारी आणि तिकडे नेणारी गाडी कोणाची हे आधी विचारा. आम्ही गेटवर पोचतो आणि आत सोडायच्या यादीत गाडीचा नंबरच नसतो, पेशंट उन्हात, सिलिंडरचा काटा खाली येतोय, आणि फोनाफोनी. नावं, आयडी, गाडीचा नंबर हे काम एजन्सीत एका नेमलेल्या माणसाकडे असलं पाहिजे. आणि छोट्या विमानतळांचे कामाचे तास ठरलेले असतात, उशीर झाला तर वाढवून मागावे लागतात, हे पण कोण करणार ते विचारा.

क्वीन्सलंडकर:

सिस्टर, मी मूळची साताऱ्याची, इकडे ऑस्ट्रेलियात आयसीयू नर्स आहे आणि रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिसच्या लोकांकडून पेशंट घेणं-देणं सतत चालू असतं, म्हणून त्यांचं जवळून बघितलेलं सांगते. ही सर्व्हिस १९२८ मध्ये इथल्याच क्लॉनकरीहून सुरू झाली. नाव फ्लाइंग डॉक्टर, पण खूप फ्लाइट्सवर डॉक्टर नसतोच, एक पायलट आणि एक फ्लाइट नर्स, पेशंट जास्त सिरियस असला तरच डॉक्टर चढतो. त्यामुळे नर्सची अट कडक आहे, रजिस्टर्ड नर्स तर हवीच, वर मिडवाइफ म्हणून पण रजिस्ट्रेशन हवं आणि क्रिटिकल केअर किंवा इमर्जन्सीचा दांडगा अनुभव. मिडवाइफ का तर शेकडो किलोमीटरवरच्या गुरांच्या फार्मवरून कळा सुरू झालेली बाई आणायची असते आणि बाळ काही विमान उतरायची वाट बघत नाही.

अमेरिकेत बहुतेक ठिकाणी नर्स आणि पॅरामेडिक अशी जोडी, डॉक्टर फोनवर. नर्सला सीएफआरएन, पॅरामेडिकला एफपी-सी अशा परीक्षा आहेत. लंडनची एअर अ‍ॅम्ब्युलन्स १९८९ पासून आहे, तिथे डॉक्टर आणि पॅरामेडिक असतात आणि जागेवर भूल देऊन ट्यूब टाकायची तर चेकलिस्ट मोठ्यानं वाचतात, एकानं विचारायचं आणि दुसऱ्यानं वस्तूला हात लावून उत्तर द्यायचं. कितीही सिनियर डॉक्टर असला तरी ती सोडत नाहीत. ब्रिटनमधल्या हेलिकॉप्टरवर पॅरामेडिक पुढे बसून पायलटला तारा, खांब, उतरायची जागा बघायला मदत करतो, त्याचं वेगळं ट्रेनिंग असतं.

मला या सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे ट्रिप संपल्यावरची बैठक. आमच्याकडे पेशंट सोपवून झाला की ते लोक कॉरिडॉरमध्येच पाच मिनिटं उभे राहतात, पायलट सुद्धा, आणि काय अडलं ते बोलतात. सर्वात नवीन माणूस आधी बोलतो. आपल्याकडे सिनियर आधी बोलतात आणि मग बाकीचे माना डोलावतात, ते बदलायला हवं असं मला फार वाटतं.

संभाजीनगरचा_मुलगा:

मी मेडिकलवाला नाही, पण आम्ही वडिलांना संभाजीनगरहून मुंबईला विमानानं नेलं होतं. पहिल्या एजन्सीनं फोनवर आयसीयू स्पेशालिस्ट येणार सांगितलं, मी नाव आणि रजिस्ट्रेशन नंबर मागितला तर टाळाटाळ आणि लगेच "अ‍ॅडव्हान्स टाका नाहीतर विमान दुसरीकडे जाईल". आम्ही दुसऱ्यांकडे गेलो. त्यांची टीम आली आणि वर नागपूरच्या डॉक्टरांनी लिहिलंय तसंच, आयसीयूत बसूनच राहिली. आम्ही सगळे बाहेर अस्वस्थ, काका तर भांडायलाच निघाले होते. तेव्हा त्यांची सिस्टर बाहेर आली आणि तिनं आम्हाला शांतपणे सांगितलं की वडिलांचं बीपी आमच्या पंपावर अजून स्थिर झालेलं नाही, ते झाल्याशिवाय आम्ही उचलणार नाही, आणि वर गेल्यावर काय काय होऊ शकतं, अगदी हृदय बंद पडलं तर आम्ही काय करू, तेही सांगितलं. कोणीतरी खरं बोलतंय म्हणून आम्हाला फार आधार वाटला. वडील नीट पोचले. तुम्ही हे काम घेतलंत तर नातेवाइकांशी बोलायचं काम तुमच्याच वाट्याला येईल, आणि ते तुमच्यासारख्यांनीच करावं.

सोलापूरची_सिस्टर:

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. मी एजन्सीला मेल टाकलाय. ईटीसीओटू आहे का, डॉक्टरचं नाव आणि शिक्षण आदल्या दिवशी कळेल का, सीआरएम पायलटबरोबर होतं का, दोन्हीकडची गाडी कोणाची, आणि मी बेडशेजारी बघून "नको" म्हटलं तर माझे त्या ट्रिपचे पैसे कापणार का.

अजून दोन शंका. विम्याचं काय करायचं, आणि ते माझं वजन विचारत होते, ते कशाला?

नागपूरचा_भूलतज्ज्ञ:

पैसे कापायचा प्रश्न अगदी योग्य विचारलात. ट्रिपवर पैसे असले की नाही म्हणणं अवघड होतं, म्हणून रद्द झालेल्या ट्रिपचेही ठरलेले पैसे मिळतील हे लेखी घ्या. विमा दोन प्रकारचा, एक अपघाताचा, त्यात नॉन-शेड्यूल्ड (वेळापत्रकाबाहेरच्या, चार्टर) विमान ड्यूटीवर असताना कव्हर आहे का ते पॉलिसीत शब्दशः वाचा, बऱ्याच साध्या पॉलिसींत फक्त तिकीट काढून केलेला विमानप्रवास धरतात. दुसरा प्रोफेशनल इन्डेम्निटी (कामातल्या चुकीबद्दल दावा झाला तर), तो तुमच्या नावानं हवा, हॉस्पिटलचा इथे चालत नाही. आणि पहिल्या काही ट्रिपा अनुभवी नर्सबरोबर जादा माणूस म्हणून मागा. सीट नाही म्हणाले तर निदान रिकामं विमान उभं असताना स्ट्रेचर चढवणं-उतरवणं, सिलिंडर बदलणं, बसल्या जागेवरून अँबू (हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी) देणं हे हातानं करून बघा, कारण आत उभं राहता येत नाही आणि पेशंटची एकच बाजू तुमच्या हाताला येते.

जुहूचा_कॅप्टन_निवृत्त:

वजन विचारतात ते बरोबरच आहे. छोट्या विमानात प्रत्येक किलो आणि तो कुठे ठेवलाय हे दोन्ही मोजावं लागतं. पेशंट, नातेवाईक, तुम्ही दोघं, सिलिंडर, मॉनिटर, बॅगा, सगळं मिळवून जे उरतं तेवढंच इंधन घेता येतं. मे महिन्यात दुपारी नागपूर-सोलापूरला हवा तापलेली असली की विमानाची उचल आणखी कमी होते. तेव्हा तुमचं वजन बॅगेसकट खरं सांगा आणि नातेवाइकांना पण सांगा की एकच माणूस, एकच छोटी बॅग. आयत्या वेळी दुसरा माणूस चढवायचा आग्रह झाला तर त्यांना समजवायला डॉक्टरला पाठवू नका, त्यांनी पेशंटजवळच थांबावं. तो निर्णय कॅप्टनचा आहे, सरळ माझ्यासारख्याकडे पाठवा.